रुग्णाची पाठ आणि प्राध्यापकाची खुर्ची

गेल्या हिवाळ्यात एका चर्चासत्रात एका ज्येष्ठ सर्जननी व्यासपीठावरून विचारलं, ‘नर्सला पीएचडी हवीच कशाला? पेशंटच्या उशाशी हात लागतात, प्रबंध नाही. शिकून प्राध्यापक झाली की नर्स पेशंटला मुकते आणि पेशंट नर्सला.’ टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत माझ्याच एम.एस्सी.च्या दोन विद्यार्थिनी होत्या. सर्जनच्या वाक्यापेक्षा त्या टाळ्या मला जास्त लागल्या. त्या दिवशी मी बोलले नाही. आज बोलते, आणि सुरुवात रुग्णाच्या पाठीपासून करते.

मी बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला असताना ‘बॅक केअर’ हा आमचा रोजचा संस्कार होता. रुग्णाला कुशीवर वळवायचं, पाठीला स्पिरिट चोळायचं, वर पावडर. माकडहाडापाशी कातडी लाल दिसली की तिथे जास्त जोर लावायचा. आमच्या इन्चार्ज सिस्टरचा हात इतका सराईत होता की रुग्ण डोळे मिटून घ्यायचे. त्या हाताकडून मी शिकले, आणि पुढे किती तरी मुलींना तसंच शिकवलं. आज जगभरचं मार्गदर्शन सांगतं की लाल झालेल्या जागी चोळू नका. आतली ऊती आधीच दाबाने घायाळ झालेली असते, चोळण्याने ती आणखी फाटते. आम्ही मायेने चोळत होतो आणि मायेनेच जखम वाढवत होतो.

ही चूक हातांना स्वतःहून कळली असती का? डोरीन नॉर्टन नावाच्या ब्रिटिश नर्सने सहकाऱ्यांबरोबर वृद्धांच्या वॉर्डांत बसून मोजमाप केलं आणि १९६२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. रुग्णाची शारीरिक अवस्था, मनाची स्थिती, चालणं-फिरणं, अंथरुणातली हालचाल आणि मल-मूत्रावरचा ताबा या पाच गोष्टींना गुण देऊन, पाठीला जखम कुणाला होईल हे आधीच ओळखता येतं, हे त्यांनी दाखवलं. बाईंचा भर मलमांवर नव्हता. वेळच्या वेळी कूस बदलून दाब काढण्यावर होता. पुढे त्या क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात वृद्धशुश्रूषेच्या प्राध्यापक झाल्या. १९८७ मध्ये बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांची सहा निकषांची मोजपट्टी आली. आज पुण्या-मुंबईतल्या कितीतरी आयसीयूंत भरती झालेल्या रुग्णाच्या फायलीत ‘ब्रेडन स्कोअर’ लिहिलेला असतो. तो बहुधा रात्रपाळीची सिस्टर लिहिते. त्यामागे नर्सिंगच्या प्राध्यापक उभ्या आहेत हे सर्जनसाहेबांना कुणी सांगितलेलं नाही.

खरं तर त्यांच्याच रुग्णांचा पुरावा आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लिंडा एकन मुळात नर्स. २००२ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी त्या राज्यातल्या १६८ रुग्णालयांतल्या २ लाख ३२ हजारांवर शस्त्रक्रिया-रुग्णांचा अभ्यास मांडला. एका नर्सच्या वाट्याला येणारा प्रत्येक जादा रुग्ण, रुग्णालयात दाखल झाल्यापासून तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढवतो. सर्जनचा हात कितीही कुशल असो, रात्री तीन वाजता नाडी कुणी पाहिली यावर त्या हाताचं यश टिकतं. हे आकड्यांत सिद्ध करायला नर्सच्याच नजरेची संशोधक लागली.

हे प्राध्यापकपद आम्हाला सहज मिळालेलं नाही. १९०७ मध्ये कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजात अॅडलेड नटिंग नर्सिंगच्या जगातल्या पहिल्या प्राध्यापक झाल्या. ब्रिटनला पहिलं अध्यासन द्यायला १९७१ उजाडलं, तेही एडिंबरात. आपल्याकडे दिल्ली आणि वेल्लोरला १९४६ मध्ये नर्सिंगची पदवी सुरू झाली. मुंबईत एसएनडीटीचं कॉलेज १९६४ चं. रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने पुण्यातल्या विधवांना ससूनमध्ये परिचारिका व्हायला पाठवलं, तेव्हा घराघरांतून किती विरोध झाला असेल! त्या बायकांच्या नाती-पणतींना आज कुणी ‘प्रबंध कशाला’ म्हणून विचारावं, हे मला सहन होत नाही.

लेख इथे संपवता आला असता. पण टाळ्या वाजवणाऱ्या त्या दोघींपैकी एकीला मी दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये बोलावलं होतं. रागावूनच बोलावलं होतं. ती म्हणाली, ‘मॅडम, रागावू नका. पण तुम्ही वॉर्डात शेवटच्या कधी आलात?’ मी आठवू लागले. इन्स्पेक्शनच्या दिवशी. त्याआधी परीक्षेच्या वेळी, परीक्षक म्हणून.

त्या संध्याकाळी मी माझ्या मार्गदर्शनाखाली झालेले प्रबंध कपाटातून काढले. बहुतेकांची शीर्षकं एकाच साच्यातली निघाली: अमुक विषयाच्या ज्ञानावर ‘स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅम’चा परिणाम. साठ माणसं घ्या, प्री-टेस्ट घ्या, पाऊण तास शिकवा, सातव्या दिवशी पोस्ट-टेस्ट. ज्ञान वाढलेलं दिसतं. दिसणारच, कारण ज्याला काही शिकवलं त्याला थोडं जास्त येतं. एकाही प्रबंधात कुणाची पाठ वाचली की नाही ते नाही. नीतिसमितीची परवानगी, विद्यापीठाची मुदत, मुलींची ड्यूटी ही सगळी कारणं मला पाठ आहेत. पण सही माझी आहे.

सर्जन चुकीचं बोलले, तरी त्यांचं बोट खऱ्या जखमेवर पडलं. आमची शिडीच तशी आहे. ट्यूटर, असिस्टंट प्रोफेसर, असोसिएट, प्रोफेसर, प्राचार्य. प्रत्येक पायरी रुग्णापासून एक मजला वर नेते, आणि बढतीसाठी शिकवण्याची वर्षं मोजली जातात, रुग्णाजवळची नाही. रुग्णालयाच्या बाजूलाही तेच. निष्णात अधिपरिचारिका परिसेविका होते, मग अधिसेविका, आणि औषधांचे इंडेंट, रजेचे अर्ज, ड्यूटी-चार्ट यांत बुडते. रुग्णाजवळ राहूनच मोठं होण्याची वाट या दोन्ही शिड्यांवर नाही.

म्हणूनच पॅट्रिशिया बेनर यांचं १९८४ चं पुस्तक मी आजवर सगळ्यांत जास्त वेळा उघडलं आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकवणाऱ्या बेनरबाईंनी बर्कलेच्या ड्रेफस बंधूंकडून कौशल्याच्या पाच पायऱ्या घेतल्या. ड्रेफस बंधूंनी वैमानिक आणि बुद्धिबळपटू पाहिले होते, बेनर नर्सेसकडे गेल्या. त्यांनी प्रश्नावली वाटली नाही. ‘तुमच्या असण्याने फरक पडला असा एक प्रसंग सांगा’, म्हणाल्या. नवशिकी नियम धरून चालते: रक्तदाब इतका, नाडी इतकी. निष्णात नर्स खोलीत पाऊल टाकते आणि म्हणते, ‘या आजोबांचं काहीतरी बिघडतंय.’ मॉनिटर अजून शांत असतो. का, विचारलं तर तिला चटकन सांगता येत नाही. आपल्या वॉर्डातही ती रोज भेटते. डॉक्टरला फोन लावून ती एवढंच म्हणते, ‘सर, एकदा येऊन बघाच.’ हे अंदाजपंचे नसतं. हजारो रुग्ण पाहून डोळ्यांत साठलेलं ते ज्ञान असतं. बेनरबाईंनी त्याला विद्यापीठात जागा दिली, ते सांगता येईल अशी भाषा दिली. मी त्यांना गुरू मानते.

तरीही माझ्या इन्चार्ज सिस्टरचा तो सराईत हात आठवला की गुरूशी भांडावं लागतं. त्याही निष्णात होत्या, आणि लाल पाठ चोळत होत्या. सराव चुकीचाही पक्का होतो. निष्णाताचं ऐकणं हे अर्धं काम झालं. तिने सांगितलेलं तपासून, गरज पडली तर तिच्याच तोंडावर ‘हे चूक आहे’ म्हणण्याचं उरलेलं अर्धं काम प्राध्यापकाचं. पण ते म्हणायचा अधिकार तिच्या शेजारी उभं राहिलेल्यालाच मिळतो.

अरुणा शानबागांचं उदाहरण महाराष्ट्राला सांगायला नको. स्वतः परिचारिका असलेल्या अरुणाताई १९७३ मधल्या हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत मुंबईच्या केईएम रुग्णालयात खाटेवर होत्या. त्यांच्या दयामरणाच्या याचिकेवरच्या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या परिचारिकांच्या सेवेला मान दिला. इतक्या वर्षांत एकही बेडसोअर झाला नाही, हे न्यायालयासमोर आलं. देशाने ते प्रेम म्हणून ऐकलं. प्रेम होतंच. पण प्रेमाने चोळलेल्या पाठींना जखमा झालेल्या मी पाहिल्या आहेत. तिथे प्रेमाबरोबर काटेकोर विद्याही होती: कूस कधी बदलायची, ओलावा कसा ओळखायचा, भरवायचं कसं, आणि एका पाळीने दुसऱ्या पाळीला हँडओव्हरमध्ये काय सांगायचं. बायकांच्या कामाला प्रेम म्हटलं की त्यातली विद्या विचारायची राहून जाते. ती विचारणं हे आमच्या अध्यासनांचं काम आहे.

प्राध्यापकाला रुग्णाजवळ ठेवण्याचा मार्ग अज्ञात नाही. शिकागोच्या रश विद्यापीठात १९७२ पासून ल्यूथर क्रिस्टमन यांनी शिकवणं आणि शुश्रूषा एकाच माणसाकडे ठेवली. वेल्लोरला शिकवणाऱ्यांकडे वॉर्डाचीही जबाबदारी असते. प्राध्यापकाच्या नावावर एक वॉर्ड असावा आणि तिथल्या पाठींचा हिशेब बढतीच्या फायलीत यावा, असा अर्ज मी माझ्या विद्यापीठाकडे दिला आहे. उत्तर आलेलं नाही. दोन वर्षांनी मी निवृत्त होईन. तोवर दर महिन्याला तो पुन्हा देणार आहे.

केबिनमध्ये प्रश्न विचारणारी ती मुलगी आता माझ्याकडे प्रबंध करते. विषय म्हणून तिने सवयीने टीचिंग प्रोग्रॅमच आणला होता. मी तिला महिनाभर मेल मेडिकल वॉर्डात नाईटला पाठवलं, फक्त वही घेऊन. परत आली तेव्हा वही भरली होती. एका पानावर तिने लिहिलं होतं की एअर मॅट्रेस पुरत नाहीत, म्हणून सिस्टर हातमोज्यात पाणी भरून, गाठ मारून रुग्णाच्या टाचेखाली ठेवतात. मार्गदर्शक तत्त्वं याला नको म्हणतात. सिस्टर म्हणतात, ‘उपयोग होतो, आम्ही बघतो ना.’ तिने दोन्ही बाजू शेजारी शेजारी लिहून खाली विचारलं होतं, ‘टाच पूर्ण उचलून धरायला आमच्या वॉर्डात काय मिळेल? घडी केलेली चादर? किती उंच? किती तास टिकते?’

शुक्रवारपासून ती मोजायला सुरुवात करते आहे. रात्री नऊची ड्यूटी. मी इन्चार्ज सिस्टरना फोन करून विचारलं, माझ्यासाठी एक अॅप्रन मिळेल का.