दत्तप्रभूंच्या पायाशी श्वान



महाराजांच्या तसबिरीत मागे गाय आणि पायाशी चार श्वान असतात. गाय म्हणजे पृथ्वी आणि श्वान म्हणजे चार वेद, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण नीट बघा, ते श्वान कुठल्या खुंट्याला बांधलेले नसतात. बांधलेले नाहीत, तरी चरण सोडत नाहीत. याला म्हणतात सान्निध्य.

या सान्निध्याचे बळ अलीकडे वैद्यकानेही ओळखले आहे. अमेरिकेत बोरिस लेविन्सन नावाचे बालमानसतज्ज्ञ होते. त्यांच्याकडे एक अबोल मुलगा वेळेआधीच येऊन पोचला. डॉक्टरांचा कुत्रा जिंगल्स खोलीतच होता. तो धावत जाऊन मुलाला चाटू लागला, मुलाने त्याला कुरवाळले आणि हळूहळू डॉक्टरांनाही त्या मनात वाट मिळाली. १९६१ साली लेविन्सन यांनी हे विद्वानांच्या सभेत मांडले, तेव्हा काहींनी चेष्टा केली. आज इस्पितळांत, वृद्धाश्रमांत, विशेष मुलांच्या शाळांत असे शिकवलेले कुत्रे नेतात. आपल्या देशातही नेतात.

कोणताही कुत्रा हे काम करतो असे नाही हं. मूळ स्वभाव शांत लागतो. मग अभ्यास. बस म्हटले की बसायचे, थांब म्हटले की थांबायचे, खाली पडलेल्या गोळीला तोंड लावायचे नाही, चाकाची खुर्ची किंवा कुबडी दिसली तरी बिचकायचे नाही. हे मारून शिकवत नाहीत. जमले की शाबासकी आणि खाऊ, आणि रोज थोडे थोडे. आपल्या नामस्मरणासारखेच. सांभाळणाऱ्यालाही शिकावे लागते. कुत्रा वारंवार जांभया देऊ लागला, ओठ चाटू लागला, तोंड फिरवू लागला, की तो त्रासला आहे असे ओळखून त्याला बाहेर न्यायचे. सेवेकऱ्यालाही विसावा हवाच की!

हा कुत्रा अनेकांकडे जातो. घरी एकाच माणसाला आधार देणारा कुत्रा वेगळा. त्याला विशेष विद्या लागत नाही, सोबत हीच त्याची सेवा. जोडीदार गेल्यावर घर खायला उठते, हे तुम्हां-आम्हांला सांगायला नको. मुले विचारतात, "बाबा, जेवलात का? गोळी घेतलीत का?" पण शेजारी नुसते बसायला कोणाला सवड नसते. कुत्रा काही विचारत नाही, उपदेश करत नाही. तो बसतो.

मात्र औषधाची बाटली आणावी तसा कुत्रा आणू नका. डॉक्टरांची जागा तो घेत नाही. त्याचे आयुष्य दहा-बारा वर्षांचे. लस कोण टोचून आणील, फिरवील कोण, आपण अंथरुणाला खिळलो तर त्याचे काय, हे घरात बसून आधी ठरवा. धर्मराजाने सोबत आलेल्या श्वानाला सोडून स्वर्गात पाऊल टाकायचे नाकारले. आधार घेतला की आधार द्यावाही लागतो.

आणि ज्यांना कुत्रा पाळणे शक्य नाही त्यांनी काय करावे? अवधूताने चोवीस गुरू केले, त्यांत अजगर आहे, मधमाशी आहे, कबूतर आहे. आपण श्वानाकडून एवढेच शिकू या. आपल्या आळीत कोणीतरी एकटे आहे. या दत्तजयंतीला प्रसाद घेऊन त्यांच्याकडे जा, आणि प्रसाद देऊन लगेच उठू नका. थोडा वेळ काही न विचारता शेजारी बसा. तीही महाराजांच्या चरणी रुजू झालेली सेवाच.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!