पर्यावरणाचा पेपर ग्रामसभेत

एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. चित्रपटगृहांनी पर्यावरणाविषयीच्या स्लाइड फुकट दाखवाव्यात, आकाशवाणी-दूरदर्शनने कार्यक्रम करावेत आणि शिक्षणात पर्यावरण हा विषय सक्तीचा व्हावा, असे त्यात सांगितले होते. विषय सक्तीचा झाला. तो शिकलेली पिढी नोकरीधंद्याला लागली आणि आता तिची मुले तोच विषय शिकताहेत. हरितगृह परिणाम, ओझोनचा थर, अन्नसाखळी यांची उत्तरे मुलांना तोंडपाठ आहेत. आपल्या मोरीतले पाणी कोणत्या नाल्याने कोणत्या नदीला मिळते, असे विचारले तर मात्र बहुतेक वर्ग गप्प बसेल. अकरावी-बारावीच्या प्रकल्पवह्या कशा भरतात हे स्टेशनरीच्या दुकानदाराला चांगले ठाऊक असते. चित्रे त्याच्याकडे तयार मिळतात आणि मजकूर मागच्या वर्षीच्या वहीतून उतरतो.

या अपयशाचे खापर सहसा रटाळ शिकवण्यावर फुटते. मग विषय रंजक करण्याचे उपाय सुरू होतात. पाच जूनला घोषवाक्य स्पर्धा, चौकात पथनाट्य, श्रावणात बियांचे गोळे, भाद्रपदाच्या तोंडावर शाडूच्या गणपतीची कार्यशाळा. यात वाईट काहीच नाही. मुलांचे हात चिखलात जातात, हा फायदाही छोटा नाही. पण हे सगळे आटोपले की मुलाने काही ठरवायचे उरत नाही, आणि त्याच्या घरच्यांनीही नाही. माझ्या मते दुखणे इथे आहे. कोणतीही माहिती माणसात मुरते ती तिच्यावाचून एखादा निर्णय अडतो तेव्हा. शेतकऱ्याला नक्षत्रे पाठ असतात, कारण पेरणी त्यांवर ठरते. पर्यावरण शिक्षणातून आपण नेमका हा निर्णय वगळला आहे आणि उरलेल्या माहितीला रंग देत बसलो आहोत.

निर्णयासाठी शिकणे म्हणजे काय, याचा महाराष्ट्रातला सर्वांत स्वच्छ नमुना गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात आहे. मेंढा (लेखा) हे छोटे गोंड गाव ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेसाठी सर्वांना माहीत आहे. घोषणेमागची यंत्रणा तितकीशी माहीत नाही. गावातले देवाजी तोफा आणि इतर गावकरी, त्यांच्यासोबत मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे कार्यकर्ते, यांनी १९८०च्या दशकापासून तिथे अभ्यासगट चालवले. अभ्यासगटात कुणीही यावे, बाहेरच्या जाणकारालाही बोलवावे, हवे ते विचारावे. तिथे बोलायचे, खोदायचे, ताडून पाहायचे. ठरवायचे मात्र काही नाही. ठरवण्याची जागा ग्रामसभा, आणि तिथे बहुमत चालत नाही, सर्वसहमती लागते. एकाचीही हरकत असेल तर विषय पुन्हा चर्चेला येतो.

ही विभागणी मला फार शहाणपणाची वाटते. अभ्यासगटात कुणाला हरवायचे नसल्यामुळे माणूस मोकळेपणाने ‘मला कळले नाही’ म्हणू शकतो, आणि ग्रामसभेत सर्वांना पटवायचे असल्यामुळे कच्चा अभ्यास टिकत नाही. मधाचेच पाहा. पेटत्या मशालीने पोळे काढण्याची रीत होती. त्यात माश्या मरत आणि पोळ्याची वाढच थांबे. गावाने यावर अभ्यास केला, पोळ्याचा मधाचाच भाग कापून अंडी-अळ्यांचा भाग तसाच ठेवण्याची पद्धत शिकून घेतली आणि मग ती आपली मानली. जैवविविधतेवरचे व्याख्यान ऐकून हे घडले नसते. मध हवा होता, पुढच्या वर्षीही हवा होता आणि माशी वाचवल्याशिवाय तो मिळणार नव्हता. असल्या अभ्यासाची बेरीज पुढे कामी आली. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. जंगलात काय आहे, किती आहे आणि किती काढता येईल, हे सांगू शकणाऱ्या गावाला ‘तुम्हाला काय कळते’ असे कुणी विचारू शकत नाही.

दुसरे उदाहरण नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारचे. पर्जन्यछायेतल्या या गावाचा कायापालट, पोपटराव पवारांचे सरपंचपद, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी यांवर भरपूर लिहून झाले आहे. मला त्यातला पाण्याचा ताळेबंद महत्त्वाचा वाटतो. पावसाळा सरला की पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी पाहून पाण्याचा हिशेब ग्रामसभेपुढे येतो. पिण्याचे आणि गुरांचे पाणी आधी बाजूला काढायचे, उरलेल्यात रब्बीला कोणते पीक किती घ्यायचे ते ठरवायचे. ऊस-केळीसारखी तहानलेली पिके आणि शेतीसाठीच्या कूपनलिका यांना तिथे मज्जाव आहे.

या हिशेबाचे मूळ गणित पाचवीच्या मुलाला जमेल इतके सोपे आहे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. वर्षाला चारशे मिलिमीटर पडला तर दर हेक्टरी चाळीस लाख लिटर. त्यातले किती वाहून गेले, किती वाफ झाले, किती मुरले, हा पुढचा प्रश्न. तो विचारला की भूगोल, भूजलशास्त्र आणि शेजाऱ्याची मोटर एकदमच चर्चेत येतात. साधनेही घरातली: सरळ भिंतीचे भांडे, फूटपट्टी, दगड बांधलेली आणि गाठी मारलेली दोरी. पाऊस आणि विहीर मोजायला याहून फार काही लागत नाही. लागते ते सातत्य, आणि मोजलेला आकडा कुणीतरी मागणार आहे याची खात्री.

ही खात्री नसली तर काय होते, हेही आपण पाहिले आहे. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात लोकजैवविविधता नोंदवहीची कल्पना मांडली. गावातल्या जाणत्यांनी, तरुणांनी आणि शिक्षकांनी मिळून आपल्या झाडा-माशांची, बियाण्यांची, त्यांच्या वापराची आणि त्यांवरच्या भांडणांची नोंद करायची, आणि त्यावरून गावाने व्यवस्थापन ठरवायचे. २००२च्या जैवविविधता कायद्यानंतर या नोंदवहीला सरकारी स्थान मिळाले. पुढे वह्या तयार नाहीत म्हणून प्रकरण राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले. ३१ जानेवारी २०२० ही मुदत पडली आणि ती चुकवणाऱ्या राज्यांवर दरमहा दहा लाख रुपयांची टांगती तलवार आली. मग देशभर वह्या भराभर तयार झाल्या. कितीतरी ठिकाणी बाहेरच्या माणसाने त्या भरल्या, शेजारच्या गावाची यादी थोड्या फरकाने उतरली आणि वही कपाटात गेली. या कल्पनेतला शिक्षणाचा भाग वही भरण्याच्या कामात होता. आजीला भाजीचे नाव विचारण्यात, दोन म्हाताऱ्यांत ‘तो मासा ओढ्यातून कधी गेला’ यावर जुंपण्यात होता. तेवढाच वगळला आणि दस्तऐवज तेवढा हाती राहिला.

हे शाळेत जमणारच नाही, असे मानण्याचे कारण नाही. उत्तराखंडमध्ये अल्मोड्याच्या उत्तराखंड सेवा निधी या संस्थेने १९८७ पासून सहावी ते आठवीसाठी पर्यावरणाचा असा अभ्यासक्रम उभा केला की ज्यात गाव हेच पुस्तक. घरी रोज किती सरपण जळते, गाईला किती चारा लागतो, हे मुलांनी मोजायचे. गावच्या जंगलातून आणि कुरणातून किती निघू शकते याच्याशी ते ताडून पाहायचे. डोंगरात चाऱ्याचे भारे आईच्या डोक्यावरून येतात. त्यामुळे मूल भाऱ्याचे वजन करते तेव्हा घरातल्या श्रमाची वाटणीही आपोआप मोजली जाते.

मध्य प्रदेशातला होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम १९७२ मध्ये सोळा शाळांत सुरू झाला. परिसरात फिरून, करून पाहून शिकायचे, परीक्षेलाही पुस्तक उघडे ठेवायचे. पुस्तकात न सापडणारे प्रश्न मुलांनी ‘सवालीराम’ नावाच्या एका काल्पनिक गृहस्थाला पत्राने विचारायचे, आणि त्याचे उत्तर यायचे. विषय रंजक करण्याच्या उपायांना सहज लावला जाणारा ‘सृजनशील’ हा शब्द मी अशा सवालीरामासाठी राखून ठेवीन, कारण तिथे कल्पकता प्रश्न जागा ठेवण्यासाठी वापरली गेली. तीस वर्षे चाललेला हा कार्यक्रम २००२ मध्ये राज्य सरकारने बंद केला. खालून वाढलेले शिक्षण वरच्या एका सहीने थांबते; ते टिकवायचे असेल तर शाळेइतकेच गावालाही ते आपले वाटावे लागते.

शिक्षण शाळेबाहेर समाजात गेले की शिक्षक कोण, हाही प्रश्न बदलतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायला येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने २००२ पासून तिथे घरट्यांच्या रक्षणाचे काम सुरू केले. वाळूवरचा माग ओळखून घरटे शोधण्याची कला गावात होतीच, अंडी खाण्याविकण्यासाठी. तीच कला संरक्षणाकडे वळली. आज कासव महोत्सवाला येणारे शहरी पाहुणे गावातल्या घरांत उतरतात आणि गावकऱ्यांकडून कासव समजून घेतात. पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये स्थापन झाली आणि तिच्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. कोणते प्लॅस्टिक विकले जाते आणि कोणते कुणीच घेत नाही, हे त्यांच्याइतके नेमके कोणत्याही पाठ्यपुस्तकाला सांगता येणार नाही. एखाद्या सोसायटीने कचरावेचक ताईंना आपल्या बैठकीत खुर्ची देऊन तासभर ऐकले, तर पर्यावरणाबरोबर नागरिकशास्त्राचाही धडा पुरा होईल.

यावर दोन गंभीर आक्षेप आहेत. पहिला असा की ‘समाज’ म्हणजे एकजीव गोतावळा नसतो. चराईबंदी झाली तर मळेवाल्याचे काही अडत नाही, दोन शेळ्यांवर जगणाऱ्या भूमिहीन बाईचे सगळेच अडते. तिला न विचारता गावाने ‘पर्यावरणपूरक’ निर्णय घेतला तर तो गावाचा नव्हेच. म्हणून मेंढ्याची सर्वसहमती मला हिवऱ्याच्या शिस्तीइतकीच, किंबहुना अधिक, शिकण्यासारखी वाटते. दुसरा आक्षेप असा की सगळे ओझे सामान्य माणसाच्या डोक्यावर येते. गाव थेंब मोजते आणि वरच्या अंगाचा कारखाना नदीत काय सोडतो ते कुणी मोजत नाही. याला ‘स्वच्छ’ने एक उत्तर दिले आहे. कचरावेचकांना वापरलेले सॅनिटरी पॅड उघडे हाताळावे लागतात, म्हणून २०१३ मध्ये त्यांनी असे पॅड गोळा करून थेट उत्पादक कंपन्यांकडे परत पाठवले. मोजणारा माणूस आपल्या उंबऱ्यावर थांबत नाही, मागे मागे जाऊन कचरा जिथे जन्मतो तिथले दार वाजवतो. कदाचित म्हणूनच मोजायला शिकवण्यापेक्षा घोषवाक्ये शिकवणे सर्वांना सोयीचे वाटते. घोषवाक्याने कुणालाच अडचण होत नाही.

तर मग करायचे काय? नव्या पुस्तकाची गरज नाही, एका तारखेचा उपयोग करायला हवा. महाराष्ट्रात २ ऑक्टोबरला ग्रामसभा होते. पाऊस संपत आलेला असतो, रब्बीची पेरणी तोंडावर असते. पाण्यावर बोलायला याहून योग्य दिवस नाही. जूनपासून शाळेने पाऊस आणि ठरलेल्या चार-सहा विहिरी मोजाव्यात, आकडे शाळेच्या भिंतीवर सर्वांना दिसतील असे लिहावेत आणि त्या दिवशी मुलांनी ते सभेपुढे वाचावेत. निर्णय मोठ्यांनी घ्यावा, पण त्या आकड्यांना उत्तर देऊन घ्यावा. आकडा चुकीचा वाटला तर तसे म्हणावे आणि विहिरीवर जाऊन मुलांसमोर पुन्हा मोजावा. शहरात प्रभागाच्या आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत हेच करता येईल. टँकरची बिले आणि कचऱ्याचे वजन तिथे आयतेच असते.

पहिल्या वर्षी सभेतले निम्मे लोक उठून जातील. काही जण मुलांचे कौतुक करून विषय गुंडाळतील. तिसऱ्या-चौथ्या वर्षी, पाऊस कमी पडलेला असताना, कुणीतरी शेतकरी उठून ‘मागच्या सालाचा आकडा किती होता?’ असे विचारील, आणि वहीत तो सापडेल. पर्यावरण या विषयात उत्तीर्ण कोण झाले, हे त्या दिवशी ठरेल. आणि तो निकाल फक्त मुलांचा नसेल.