पिंजऱ्यातील जिवाचा शेवट

पेडणे तालुक्यातील मोपाच्या ज्या पठारावर जानेवारी २०२३ पासून विमाने उतरतात, तेथे पूर्वी गुरे चरत. गाय आजारी पडली तर घरधनी रात्र जागून काढी. त्यात माया असे, तशी दुधाची गरजही असे. पण ज्या प्राण्यापासून घराला काहीच मिळत नाही, त्याच्या आजारपणात आपले कर्तव्य कोणते?

हॅमस्टर हा असाच प्राणी. उंदरासारखा दिसणारा, तळहातावर मावणारा. १९३० साली सीरियातील अलेप्पोजवळ एक मादी व तिची पिले बिळातून खणून काढण्यात आली. आज घरोघरी पाळले जाणारे सोनेरी हॅमस्टर बहुतेक त्यांचेच वंशज होत. त्यांचे आयुष्य अवघे दोन-तीन वर्षांचे. तिसरीतले मूल पाचवीत जाते, तोवर त्याचा हा सोबती म्हातारा होतो, आणि एके दिवशी त्याचे पोट फुगलेले दिसते. कधी आत गाठ असते. कधी मादीच्या अंडाशयावर पाण्याची पिशवी धरते. कधी हृदय वा यकृत थकून पोटात पाणी साठते. वरून पाहून हे ओळखत नाही, पशुवैद्याला दाखवावेच लागते. घरातले औषध मात्र देऊ नये. माणसाला तारणारे पेनिसिलीनही या प्राण्याचा जीव घेऊ शकते.

अशा वेळी दोन मोह होतात. पहिला म्हणतो, ‘उंदराला कसला डॉक्टर? दुसरा आणू.’ परंतु तो प्राणी आपण होऊन आपल्या घरी आला नाही. पिंजऱ्याचे दार आपण लावले. आपल्या ताब्यातील प्राण्याला विनाकारण वेदना होऊ न देणे हे तर १९६० च्या कायद्यानेही बंधनकारक केले आहे. दुसरा मोह प्रेमाचा वेष घेऊन येतो. प्राणी खात नाही, अंग चोरून कोपऱ्यात बसतो, धापा टाकतो. तरी तो आपल्याला हवा म्हणून आपण त्याला धरून ठेवतो.

कोणी म्हणेल, जीव घेणे आपल्या हाती नाही. ही भीती आदराची आहे, तिला हसू नये. तथापि नीतिसूत्रांच्या १२ व्या अध्यायात नीतिमान माणसाची ओळख सांगताना त्याच्या जनावराची काळजीही मोजली आहे. माणूस दुःखात आशा धरू शकतो, प्रार्थना करू शकतो. त्या मुक्या जिवापाशी फक्त आजची वेदना असते. गाठ निघण्यासारखी नसेल आणि वेदना थांबत नसेल, तर पशुवैद्याच्या हातून त्याला शांतपणे जाऊ देणे हे क्रौर्य नव्हे. निर्णय करताना इतकेच विचारावे : हे मी त्याच्यासाठी करतो, की माझ्या पैशासाठी वा माझ्या अश्रूंसाठी?

आणि शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, वर्गातील मूल रडत आले तर ‘तो पळून गेला असेल’ असे सांगू नका. तो मेला, हे खरे सांगा. आणि त्याने त्याला रोज दाणापाणी दिले, हेही सांगा.