कूळ, वतन आणि नजराणा

जुने दस्त वाचताना फसगत होते ती बहुधा ओळखीच्या शब्दांपाशी. अनोळखी शब्द आला की माणूस कोश उघडतो. ‘कूळ’ किंवा ‘वतन’ आले की पुढे जातो.

सावकाराच्या वहीतले कूळ म्हणजे कर्जदार, जमीनमालकाचे कूळ म्हणजे खंडाने शेत कसणारा. दोन्हीकडे दबलेला पक्ष तोच. 1948च्या मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याने आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्तीने हे पारडे फिरवले. 1 एप्रिल 1957 हा ‘कृषक दिन’ ठरला आणि अपवाद वगळता, कसणारे कूळ त्या दिवसापासून जमिनीचे खरेदीदार मानले गेले. मालकाने विकायला काढली नव्हती, कुळाने भाव केला नव्हता. कायद्याने तसे मानले, एवढेच. किंमत शेतजमीन न्यायाधिकरणाने ठरवायची, ती फिटली की कलम 32-म चे प्रमाणपत्र हाती यायचे. ‘कूळ लागेल’ या धास्तीने जमीन कसायला देताना आजही कागद करायचे टाळले जाते. म्हणजे एकेकाळी ज्याच्यावर डाफरायचे, त्याचेच नाव मालकाला धडकी भरवू लागले. शब्दात एका अक्षराचाही फरक नाही.

वतनाचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे. पाटीलकी-कुलकर्णाच्या वतनासाठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या भांडली, गोतसभा बसल्या, निवाड्याचे महजर झाले. महार वतनही कागदोपत्री वतनच. पण तिथे तुटपुंज्या जमिनीच्या आणि बलुत्याच्या बदल्यात अख्ख्या घराण्याची राबणूक गावाकडे बांधलेली होती. एकासाठी मान, दुसऱ्यासाठी वेठ. डॉ. आंबेडकरांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात या वतनाविरुद्ध विधेयक मांडले ते उगीच नव्हे. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा मात्र 1958 साली आला. जमिनी वतनदारांना परत मिळाल्या, पण ‘नवीन शर्तीने’: सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2, आणि शर्त उठवायची तर सरकारला नजराणा. वतन मिळाले की धन्याला नजराणा द्यावा ही जुनी रीत. इथे वतन संपल्यावर तो द्यायचा. गरिबाची जमीन कवडीमोलाने कोणी लाटू नये हा शर्तीमागचा हेतू मला पटतो. सरकारी वसुलीला दरबारी भेटीचे नाव द्यावे, हे पटत नाही.

आपल्याकडे कायद्याच्या शब्दांवरची चर्चा बहुतेक वेळा शब्दाच्या जातकुळीवर घसरते: फारसी की संस्कृत? शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश रचला, तेव्हा त्या प्रश्नाला राजकीय अर्थ होता. नवे राज्य आपली भाषा मागत होते. तरीही दिवाणी, फौजदारी, वकील टिकलेच. ‘अजामीनपात्र’ तर बाहेरून आलेल्या जामिनाला संस्कृतची झूल चढवून बनलेला, आणि तो चहाच्या टपरीवरही कळतो. उलट ‘मानीव अभिहस्तांतरण’ घ्या. बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावे करून दिली नाही, तर जिल्हा उपनिबंधकाकडे दाद मागून ती मालकी मिळवण्याचा हा मार्ग. सोसायटीच्या सभेत मात्र सगळे ‘डीम्ड कन्व्हेयन्स’च म्हणतात. 1957च्या कुळाला मिळाली तीही अशीच ‘मानीव’ खरेदी होती, हे त्या सभेत कोणाला सांगितले तर तो विषय पटकन समजेल.

परिभाषा कोश इंग्रजी शब्दासमोर मराठी प्रतिशब्द ठेवून थांबतात. खरी गरज साल आणि कलम लिहिण्याची आहे: या शब्दाने कोणत्या वर्षापासून कोणाला काय मिळाले, कोणाचे काय गेले. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्यावर ही गरज वाढली आहे. फसवणुकीचे कलम 420 आता 318 मध्ये गेले. त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना मात्र जुनी भारतीय दंड संहिताच लागू असल्याने एकाच न्यायालयात, एकाच दिवशी, एक आरोपी 420चा असेल आणि दुसरा 318चा.