विकलेचा हिशेब

अंशाचा साठावा भाग म्हणजे कला, कलेचा साठावा भाग विकला. पाच किलोमीटरवर धरलेलं दोन रुपयांचं नाणं साधारण विकलेएवढं दिसेल. लघुग्रहांची स्थानं मोजणारे या विकलेचेही दहा भाग पाडतात, तेही जमिनीवरून, थरथरणाऱ्या हवेतून.

लघुग्रहाची जागा एकट्याने ठरत नाही. छायाचित्रात तो नुसता ठिपका. भोवतीचे तारे त्याला ठिकाण देतात. ताऱ्यांची यादीच सदोष असेल तर काटेकोर मोजणीसुद्धा काटेकोरपणे चुकते. गाया या अंतराळयानाने सुमारे १८० कोटी ताऱ्यांची स्थानं नोंदवली, आणि जमिनीवरच्या साध्या दुर्बिणींचंही मोल वाढलं.

वेळेचंही तसंच. पृथ्वीच्या अगदी जवळून जाणारा लघुग्रह सेकंदाला विकलाभर किंवा त्याहूनही जास्त सरकतो. घड्याळ सेकंदभर चुकलं की खरी जागा भलत्या क्षणाच्या नावावर लागते.

अपोफिस हा लघुग्रह जून २००४मध्ये सापडला, दोन रात्री दिसला आणि हरवला. डिसेंबरात पुन्हा हाती आला. मग रोज नवे वेध आले, आणि १३ एप्रिल २०२९ला तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता चढतच गेली. २७ डिसेंबरला ती २.७ टक्के झाली. आदल्याच दिवशी हिंदी महासागरात त्सुनामी आली होती. वर बघायला कोणाला सवड होती?

नीट मोजल्यावर धोका वाढावा कसा? वेधांतल्या बारीक चुकांमुळे लघुग्रहाचं भविष्यातलं स्थान एका बिंदूत मावत नाही, त्याचा लांबच लांब पट्टा होतो. वेध वाढले की पट्टा आखडतो. पृथ्वी त्यात सापडलेली असेल तर आखडलेल्या पट्ट्यातला तिचा वाटा मोठा होतो. मग एखाद्या वेधाने पट्ट्याचं टोक तिच्यावरून सरकतं आणि शक्यता एकदम कोसळते. ज्ञान वाढलं की भीती ओसरते, हे खरं. पण ओसरण्याआधी ती चढू शकते. २०२४ वायआर४ हा लघुग्रह २०२५च्या फेब्रुवारीत असाच ३.१ टक्क्यांवर पोचला आणि आठवड्याच्या आत खाली आला. शास्त्रज्ञ शब्द फिरवतात, असं तेव्हा ज्यांना वाटलं, त्यांनी हा पट्टा समजून घ्यायला हवा. आकडा बदलणं हाच इथे प्रामाणिकपणा आहे. आपल्या मोजणीत चूक किती असू शकते हे जो सांगत नाही, त्याचा वेध अर्धाच.

अपोफिसचं भय संपलं ते जुन्या छायाचित्रांमुळे. ॲरिझोनातल्या स्पेसवॉच या आकाशनिरीक्षण प्रकल्पाने १५ मार्च २००४ला टिपलेल्या चित्रांत तो होता, अंधूक, कोणाच्या लक्षात न आलेला. शोधाच्याही तीन महिने आधीची ती जागा मिळाली, कक्षेला मागे लांब टेकू मिळाला, आणि २०२९ची टक्कर त्याच २७ डिसेंबरला निकालात निघाली. चित्रं काढणाऱ्याला ठाऊकही नव्हतं आपण काय टिपतो आहोत. त्याने रात्र नीट नोंदवली होती, एवढं पुरलं.

म्हणून वेधशाळांच्या कपाटांतल्या छायाचित्रांच्या जुन्या काचपट्ट्यांबद्दल मला फार वाटतं. पॅरिसजवळच्या म्यूदाँ इथे अशा पट्ट्या आता यंत्राने अतिशय बारकाईने वाचल्या जातात आणि गायाच्या ताऱ्यांशी ताडून पुन्हा मोजल्या जातात. शंभर वर्षांपूर्वीची रात्र आज अधिक अचूक होऊ शकते. जिथे अशा पट्ट्या अजून ओलीत, बुरशीत पडून आहेत, तिथे त्या आधी कोरड्या जागी हलवाव्यात.