नामानाचे वाकणे व गेहजीची थैली

कडेगावचे ताबूत पाहावयास ख्रिस्ती मनुष्याने जावे किंवा नाही, हा प्रश्न मोहरम जवळ आला म्हणजे आमच्या भागात कोठल्या ना कोठल्या घरी निघतोच. शंभर फुटांहूनही उंच असे ते ताबूत खांद्यांवर घेऊन लोक निघतात, ताबुतांच्या भेटी होतात, आणि तो सोहळा पाहण्यास आसपासच्या खेड्यांतून माणसे लोटतात. या ताबुतांत मुसलमानांप्रमाणे हिंदू घराण्यांचेही मान आहेत, व ही रीत दीडशे वर्षांहून अधिक काळ चालत आली आहे. सारा गाव ज्या दिवशी एकत्र येतो त्या दिवशी ख्रिस्ती घराने दार लावून बसावे काय? वडील माणसे म्हणतात, बसावे. जगाशी तडजोड नको. तरुण म्हणतात, नुसत्या पाहण्यात तडजोड ती कसली?

प्रश्न क्षुल्लक आहे असे मी म्हणणार नाही. जो मनुष्य आज एका गोष्टीत थोडा सैल होतो तो उद्या दुसरीत अधिक सैल होतो, हा सर्वांचा अनुभव आहे. लोटाने प्रथम सदोमाच्या दिशेने आपला तंबू नुसता हलविला होता. पुढे तो त्या नगराच्या वेशीत बसू लागला. तथापि तडजोडीचा शोध आपण बहुधा भलत्याच आळीत घेत असतो, असे मला वाटते. त्यासाठी वाचकांनी 2 राजे यातील पाचवा अध्याय पुन्हा एकवार काढून वाचावा.

नामान कोडापासून शुद्ध झाला. यापुढे परमेश्वराखेरीज कोणाचीही उपासना करणार नाही असे त्याने ठरविले, आणि त्यासाठी दोन खेचरांच्या ओझ्याइतकी इस्राएलाची माती मागून घेतली. परंतु एक गोष्ट त्याच्या मनाला टोचत होती. त्याचा धनी अरामाचा राजा रिम्मोनाच्या देवळात जाई तेव्हा त्याच्या हातावर टेकत असे, आणि धनी वाकला म्हणजे नामानासही वाकावे लागे. हे त्याने लपविले नाही. संदेष्ट्यापुढे स्वतःच उघड केले व क्षमा मागितली. अलीशाने त्याला शाबासकी दिली नाही, झिडकारलेही नाही. त्याने त्याला शांतीने निरोप दिला.

आता त्याच अध्यायातील दुसरा मनुष्य पाहा. गेहजी हा संदेष्ट्याच्या घरचा सेवक. रिम्मोनाच्या देवळाची पायरी तो कधी चढला असेल असे वाटत नाही. परंतु अलीशाने नाकारलेली भेट डोळ्यांदेखत परत जाताना पाहून त्याला राहवले नाही. तो रथामागे धावला, आणि मागितले ते स्वतःसाठी मागितले नाही बरे! एफ्राईमाच्या डोंगराळ प्रदेशातून दोन तरुण शिष्य आले आहेत, त्यांच्यासाठी धन्याने मागितले आहे, असे सांगितले. दोन थैल्यांत रुपे व दोन पोशाख घेऊन तो घरी आला. आणि नामानाचे कोड त्याला लागले.

मूर्तीपुढे वाकणाऱ्याला शांती, आणि संदेष्ट्याच्या उंबऱ्यात राहणाऱ्याला कोड! याचा अर्थ कोठेही वाकले तरी चालते असा कोणी काढू नये. दानीएलाच्या तिघा मित्रांना सोन्याच्या मूर्तीची पूजाच करण्याची आज्ञा होती. त्यांनी भट्टी पत्करली आणि योग्य केले. भेद इतकाच की, नामानाला वाकण्यापासून काही मिळत नव्हते, ते त्याला सलत होते. गेहजीला मिळत होते, आणि काही सलत नव्हते.

आमच्या आजोबापणजोबांपैकी पुष्कळांना नामानाचीच स्थिती आली होती. महारवाड्यातील जो मनुष्य ख्रिस्ती झाला त्याच्या मागे गावकीचे वतन होते. मेलेले जनावर ओढावे, वेशीची राखण करावी, सांगावा घेऊन परगावी धावावे, सणावारी गावाने नेमलेले काम करावे, तेव्हा बलुत्याचे धान्य पदरात पडे. काम सोडावे तर मुले उपाशी; करावे तर मनाला बोचणी. ते वतन म्हणजे गुलामीच होती. 1928 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती व्हावी म्हणून मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. पण ही वतने रद्द होण्यास 1958 चा कायदा यावा लागला. तोवर जो ख्रिस्ती बाप खाली मान घालून ते काम करी व रविवारी डोळ्यांत पाणी आणून प्रार्थना करी, त्याला तडजोड करणारा म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

परंतु आज आमच्यापैकी पुष्कळांची स्थिती पालटली आहे. कोणी शिक्षक, कोणी परिचारिका, कोणी मुंबईत नोकरीस. टेंभू योजनेचे पाणी आल्यापासून या दुष्काळी मुलखात ऊस उभा राहिला, आणि थोडीबहुत जमीन ज्याच्याकडे आहे त्याच्या हाती रोख पैसा खेळू लागला. राजाच्या हाताखाली वाकण्याची सक्ती आता आम्हांवर कोणाची आहे? थैलीमागे धावण्याचा मोह मात्र दारात उभा आहे.

मंडळीतील लग्ने पाहा. ‘हुंडा’ हा शब्द कोणी उच्चारीत नाही. 1961 पासून तो कायद्याने गुन्हाही आहे. मुलाकडील म्हणतात, “आमचे काही मागणे नाही. पाहुण्यांचा मान तेवढा राखा. लग्न दोन्ही अंगांनी करून द्या.” दोन तरुण शिष्य एफ्राईमाहून आले आहेत, हेच ते बोलणे! मुलीचा बाप कर्ज काढतो, उपासनामंदिरात पाळक आशीर्वाद देतात, मांडवात बाजा वाजतो, आणि त्या मांडवात मूर्ती नाही एवढ्यावर आपण समाधान मानतो.

याच मुलखात याहून निराळे घडलेले आहे. 1942 च्या चळवळीनंतर जुन्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांचे प्रति सरकार उभे राहिले. कडेगावपासून फार लांब नसलेले कुंडल हे त्याचे एक मोठे ठाणे होते. त्या लोकांनी गावोगाव ‘गांधी-विवाह’ लाविले: हुंडा नाही, मानपान नाही, जेवणावळी नाहीत, कर्ज नाही. त्यांच्या सर्वच कृत्यांचे समर्थन करण्याचा माझा हेतू नाही. परंतु ज्यांनी आमचे शास्त्र हाती धरले नव्हते त्यांनी सावकाराच्या वहीतून मुलीच्या बापाला सोडविले, आणि ज्यांच्या घरी ते रोज वाचले जाते ते त्याला त्या वहीत घालीत आहेत, ही गोष्ट कोणत्याही ताबुताहून उंच दिसते.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे, म्हणून ती फारशी कोणी काढीत नाही. स्थळ आले म्हणजे हलक्या आवाजात विचारतात, “पूर्वीचे कोण?” महारांतून आलेल्यांनी मांगांतून आलेल्यांना मुलगी देऊ नये, असा ख्रिस्ताचा नियम कोठे आहे? प्रभुभोजनाच्या मेजावर एकाच भाकरीतून घेतलेले दोघे सोयरिकीच्या बैठकीत वेगळे कसे होतात? शेजाऱ्याच्या सणाचा प्रसाद नाकारणारा हात जातीचा प्रसाद निमूटपणे घेतो. उसाच्या फडात तोडणाऱ्यांच्या मजुरीचा हिशेब करताना आपला हात कसा चालतो, हे ज्याचे त्याने पाहावे. याकोबाने त्याविषयी आपल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात पुरेसे कडक लिहिले आहे.

नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले. अभंग व कीर्तन यांना त्यांनी मराठी मंडळीत मानाची जागा मिळवून दिली. स्वदेशीयांपासून ते तुटले नाहीत. आणि 1917 साली मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास देवाच्या दरबाराचे काम मांडले. शेजाऱ्याच्या भाषेत व सुरात बोलण्यास त्यांना भय वाटले नाही. ज्यापासून मोकळे व्हावे असे वाटले ती पगाराची थैली. आम्ही बहुधा उलट करतो. शेजाऱ्यापासून दूर राहतो, कारण त्यात काही खर्च होत नाही.

तेव्हा ताबुतांच्या प्रश्नाला माझे उत्तर हे की, ज्या तरुणाला शेजाऱ्यांच्या भेटीस जावयाचे असेल त्याने जावे, नवस करू नये, आणि घरी लपवून जाऊ नये. नामानाने लपविले नव्हते. वडिलांच्या सभेने मात्र त्या रात्रीचा विचार थोडा बाजूस ठेवून यंदाच्या लग्नसराईचा विचार करावा: कोणत्या घराने किती मागितले, व ते कोणाच्या नावाने मागितले.

गेहजीचे नाव पुढे आठव्या अध्यायात आणखी एकदा येते. तेथे तो राजापुढे अलीशाची मोठमोठी कृत्ये सांगत आहे, आणि राजा ती आवडीने ऐकत आहे. त्याच्या कोडाविषयी तेथे काही लिहिलेले नाही.