लहान वस्तूंचे जतन : आसक्ती की साधना?

घरी दुरुस्तीची कामे करणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव परिचित आहे. मिक्सर उघडताना सहा स्क्रू काढले, काम झाले आणि जोडताना हाती पाचच आले. मग टेबलाखाली, चटईखाली, कपाटामागे शोध सुरू होतो. घरातले कोणीतरी म्हणते, "रुपयाचा तर स्क्रू, दुसरा आणा की!" यातून एक खरा प्रश्न उभा राहतो. आपली परंपरा वस्तूंची आसक्ती सोडायला सांगते, मग एकेक स्क्रू मोजून ठेवणे ही आसक्ती म्हणायची की साधना? आज या प्रश्नाचा थोडा विचार करूया.

वस्तूची किंमत आणि वस्तूचे काम

स्क्रू रुपयाचा असतो हे खरे, पण तो जे धरून ठेवतो ते रुपयाचे नसते. १० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या एका प्रवासी विमानाच्या वैमानिकासमोरची काच आकाशात निखळली. वैमानिक अर्धा बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय घट्ट धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान उतरवले आणि सुदैवाने सर्वांचे प्राण वाचले. चौकशीत कारण सापडले. ती काच नुकतीच बदलली होती आणि तिच्या ९० बोल्टपैकी ८४ बोल्टचा व्यास हवा त्याहून सुमारे ०.६६ मिलिमीटरने कमी होता. बसवणाऱ्याने ते जुन्या बोल्टशी केवळ नजरेने ताडून निवडले होते.

आपल्या घरात विमान नसते, पण छताचा पंखा असतो, बाळाचा पाळणा असतो, गॅसची शेगडी असते. हरवलेल्या स्क्रूच्या जागी "चालेल" म्हणून दुसरा बसवताना आपणही नजरेनेच ताडत असतो. वस्तूचे मोल तिच्या किमतीवर ठरवायचे की तिच्यावर विसंबलेल्या माणसावर, हे आपणच ठरवायचे आहे.

प्रमाद म्हणजे आळस नव्हे

पतंजलींनी योगमार्गातील नऊ अंतराय सांगितले आहेत. त्यांत प्रमाद आणि आलस्य हे दोन वेगळे मोजले आहेत, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आळशी मनुष्य काम हाती घेतच नाही, त्यामुळे त्याचा स्क्रूही हरवत नाही. प्रमाद होतो तो काम करणाऱ्याकडून. हात काम करत असतात आणि मन पुढच्या कामात गेलेले असते. स्क्रू कुठे ठेवला हे आठवत नाही, कारण ठेवताना आपण तिथे नव्हतोच. जे अनुभवले नाही ते आठवणार कसे? म्हणून हरवलेली वस्तू शोधताना आपण खरे तर आपलेच हरवलेले लक्ष शोधत असतो.

कारागिरांकडून शिकण्यासारखे

जयपूर शहरात खातीपुरा नावाचा भाग आहे. राजस्थानात 'खाती' म्हणजे सुतार. हे शहरच हातांच्या कामावर उभे आहे. इथे रंगीत रत्नांना पैलू पाडण्याचे काम अनेक घरांतून चालते. ज्वारीच्या दाण्याहून लहान खडा लाखेने काडीच्या टोकाला चिकटवायचा आणि फिरत्या चकतीवर एकेक पैलू घासायचा. असा खडा हातून निसटला तर आधी जागचे हलायचे नाही. जो घाईने उठतो त्याच्याच पायाखाली किंवा कपड्यांच्या घडीत तो खडा जातो.

आपल्याकडचे सोनारही हेच जाणतात. कानशीने घासताना पडणारा कीस ते खाली झेलतात. दुकानातला केरसुद्धा फेकत नाहीत. तो धुऊन, गाळून त्यातले सोन्याचे कण वेचणारे झारेकरी असतात. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी तालुक्यांतील असंख्य कुटुंबे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या गलाई व्यवसायासाठी देशभर पसरली. ज्यांच्या शेतात पाऊस पडला नाही, त्यांनी कणाकणाचे मोल ओळखून संसार उभे केले.

यावर कोणी म्हणेल, "ते सोने आहे, म्हणून जपतात." बरोबर आहे. परंतु सोन्यामुळे लागलेली ती सवय लोखंडालाही लावता येते का, इथेच साधनेची परीक्षा आहे. मौल्यवान वस्तू सगळेच जपतात. बिनमोलाची वस्तू जो जपतो, त्याला जपणे हेच जमलेले असते.

हरवलेली वस्तू आणि संशय

वस्तू हरवण्यातले सर्वांत मोठे नुकसान वस्तूचे नसते. "इथेच ठेवली होती, कोणी हात लावला?" हे वाक्य किती सहज तोंडातून निघते! त्या वेळी समोर असतात घरातील मुले, वृद्ध आई-वडील किंवा घरकामाला येणाऱ्या ताई. दोन दिवसांनी स्प्रिंग पायपुसण्याखाली सापडते, पण बोललेला शब्द परत घेता येत नाही. विशेषतः कामाला येणाऱ्या माणसाला आपली बाजू मांडण्याचीही सोय नसते. त्याचा प्रामाणिकपणा हीच त्याची मिळकत असते आणि आपण ती रुपयाच्या वस्तूपायी पणाला लावतो.

काढताना मोजले असेल तर संशयाला जागाच उरत नाही. 'सहा काढले, सहा ताटलीत आहेत' किंवा 'सहापैकी एक माझ्याच हातून पडला' हे आपल्याला ठाऊक असते. मोजणे ही सत्याची सवय आहे.

अहिंसेचाही प्रश्न

लहान वस्तू आपल्या दृष्टीने हरवते, रांगणाऱ्या बाळाच्या दृष्टीने मात्र ती सापडते आणि थेट तोंडात जाते. नाण्यासारखी चपटी बटण बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकते. गिळलेले दोन छोटे चुंबक आतड्याच्या भिंती मध्ये धरून एकमेकांना चिकटतात. असा नुसता संशय आला तरी उलटी करवू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे. ज्या घरात बाळ आहे तिथे पडलेली वस्तू शोधून काढणे हा अहिंसेचाच आचार आहे.

जतन आणि संग्रह

मग याचा अर्थ गंजलेला प्रत्येक खिळा साठवायचा का? नाही. "कधीतरी लागेल" म्हणून भरलेल्या डब्यांत हवी ती वस्तू कधीच सापडत नाही. तो संग्रह होतो आणि त्यात वस्तू न हरवताही हरवलेल्याच असतात. जतन म्हणजे जे आहे त्याला जागा देणे. ज्याला जागा देता येत नाही ते गरजूला द्यावे किंवा भंगारात द्यावे. अपरिग्रह आणि जतन यांच्यात विरोध नाही. थोडे असेल तरच नीट जपता येते.

आणि एवढे करूनही एखादा स्क्रू गेलाच, तर नीट शोधावे, न मिळाल्यास योग्य मापाचा दुसरा आणावा आणि विषय तिथेच संपवावा. शोधताना मन शांत राहिले तर ते जतन आणि घर डोक्यावर घेतले तर ती आसक्ती, अशी सोपी परीक्षा करता येईल.

एवढे करून पाहूया

• काम सुरू करण्यापूर्वी काठ असलेल्या ताटात पांढरे फडके पसरावे आणि त्यावरच काम करावे. पडलेली वस्तू उडत नाही आणि लगेच दिसते.
• काढलेले स्क्रू जुन्या इडलीपात्राच्या वाट्यांत, काढलेल्या क्रमाने ठेवावेत. जोडताना उलट क्रमाने घ्यावेत.
• काढताना संख्या मोठ्याने म्हणावी. मन जागेवर राहते.
• उडण्याची शक्यता असलेली स्प्रिंग पारदर्शक पिशवीत हात घालून काढावी.
• वस्तू पडली तर आधी थांबावे. दिवा मालवून विजेरी जमिनीला टेकवून धरावी. लहान वस्तूचीही लांब सावली पडते.
• काम अर्धवट सोडून उठावे लागले तर ताट झाकून, मुलांचा हात पोहोचणार नाही असे ठेवावे.

यातले नवीन असे काहीच नाही. आपल्या स्वयंपाकघरातील मिसळणाचा डबा पाहा. मोहरी, जिरे, हळद, प्रत्येकाची वाटी ठरलेली. वीज गेली तरी आईचा हात चुकत नाही. तीच शिस्त अवजारांच्या टेबलापर्यंत न्यायची आहे. वाचकहो, पुढच्या वेळी पहिला स्क्रू काढाल, तेव्हा तो ताटलीत ठेवताना क्षणभर त्याच्याकडे पाहा आणि म्हणा, "एक."